तिसऱ्या वर्गाचा प्रवासी : संत पिएर जॉर्जो फ्रासाती

वांद्र्याच्या डोंगरावर मोतमावलीच्या (माउंट मेरीच्या) सणाची तयारी चालू होती, त्याच दिवसांत, ७ सप्टेंबर २०२५ रोजी, रोममधील संत पेत्राच्या चौकात पोप लिओ चौदावे यांनी दोन तरुणांना एकाच वेळी संत म्हणून घोषित केले. त्यांपैकी पंधराव्या वर्षी वारलेला कार्लो अकुतिस आपल्याकडच्या मुलांना लगेच जवळचा वाटला, कारण संगणकात रमणारा आणि जीन्स घालून वावरणारा तो त्यांच्याच काळातला मुलगा होता. दुसऱ्या तरुणाच्या मृत्यूला शंभर वर्षे होऊन गेली होती. हा माहितीपट त्या दुसऱ्या तरुणाविषयी आहे.

पिएर जॉर्जो फ्रासातीचा जन्म ६ एप्रिल १९०१ रोजी इटलीतील तुरिन शहरात झाला. वडील आल्फ्रेदो हे ‘ला स्टाम्पा’ या वृत्तपत्राचे संस्थापक, सिनेटचे सदस्य आणि पुढे बर्लिनमधील इटलीचे राजदूत. आई अॅडेलेड चित्रकार. घरात पैसा होता, मान होता, बड्या लोकांची ये-जा होती; आईवडिलांचे आपसांत मात्र पटत नव्हते आणि वडिलांचा देवावर विश्वास नव्हता. एक दिवस दाराशी भीक मागायला आलेल्या बाईच्या कडेवरचे मूल अनवाणी आहे हे पाहून लहानग्या पिएर जॉर्जोने स्वतःच्या पायांतले बूट काढून दिले, अशी आठवण त्याच्या बालपणाविषयी सांगितली जाते. त्याच्या पुढच्या आयुष्यात जे घडले ते पाहता ती सहज खरी वाटते.

अभ्यासात तो चमकणारा विद्यार्थी नव्हता. लॅटिनमध्ये तो नापास झाला, तेव्हा त्याला जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत घातले गेले आणि तिथे त्याला दररोज मिस्साविधीत ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) स्वीकारण्याची सवय लागली, जी अखेरपर्यंत सुटली नाही. पुढे त्याने पॉलिटेक्निकमध्ये खाणकामाच्या अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम निवडला, कारण त्या काळी सर्वांत हलाखीत राबणाऱ्या खाणकामगारांमध्ये त्याला काम करायचे होते. ज्याला केटी लागलेली आहे, म्हणजे नापास झालेला विषय पुन्हा द्यायचा आहे, आणि जो पुन्हा त्याच पुस्तकासमोर बसला आहे, अशा मुंबईतल्या विद्यार्थ्याला त्याची ती वर्षे समजावून सांगावी लागणार नाहीत. परीक्षा पुढे जात राहिल्या, तो चिकाटीने बसत राहिला, आणि मृत्यू आला तेव्हाही शेवटच्या दोन परीक्षा बाकी होत्या.

१९१८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा सदस्य झाला. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह सुरू केली होती. तिची पद्धत आजही तीच आहे : मदत पाठवून मोकळे व्हायचे नाही, सदस्याने स्वतः गरजू माणसाच्या घरी जायचे, बसायचे, विचारपूस करायची आणि पुन्हा जायचे. आम्हांला वाटते की या ‘पुन्हा’मध्येच या कामाचा खरा कस लागतो. पहिल्या भेटीत माणूस भारावलेला असतो. आठव्या-दहाव्या भेटीत तोच कुबट वास असतो, तेच आजारपण असते, तीच थकलेली भाड्याची रक्कम असते, आणि तरीही जिना चढायचा असतो. पिएर जॉर्जो वर्षानुवर्षे असे जिने चढला. कुणाचे औषध, कुणाचा कोळसा, कुणाच्या मुलाचे बूट, कुणाला नोकरीसाठी शिफारस असे सगळे तो स्वतः करत होता, आणि तेही खर्चायला मिळणाऱ्या पैशांतून. ट्रामचे भाडे एखाद्याला देऊन टाकले की तो घरापर्यंत धावत येई, कारण जेवणाच्या वेळेला उशीर झालेला त्या घरात खपत नसे.

आगगाडीत तो तिसऱ्या वर्गातून प्रवास करत असे. सिनेटरच्या मुलाने असे का करावे, असे विचारल्यावर ‘चौथा वर्ग नाही म्हणून’ असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. आपल्या लोकलच्या काही डब्यांत फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास यांच्यामध्ये फक्त एक जाळी असते. अलीकडचा माणूस पलीकडची गर्दी रोज पाहतो आणि पास परवडत असेल तर अलीकडेच राहतो, यात कुणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. पिएर जॉर्जो मात्र आपण होऊन पलीकडे जाऊन उभा राहिला. त्या निवडीत तिकिटाच्या वाचलेल्या पैशांचा हिशेबही होता, कारण ते पैसे कुणाच्या तरी घरी जायचे होते.

तो धर्मगुरू झाला नाही, मठातही गेला नाही. १९२२ मध्ये तो डॉमिनिकन या धर्मसंघाच्या प्रापंचिक शाखेत, म्हणजे संसारात राहून संघाची शिस्त पाळणाऱ्यांच्या शाखेत, सामील झाला आणि प्रापंचिकच राहिला. आल्प्स पर्वताची शिखरे चढणे, मित्रमैत्रिणींची टोळी जमवून खोड्या काढणे, मोठमोठ्याने गाणी म्हणणे आणि पाइप ओढणे हे सगळे त्याला मनापासून आवडत असे. मुसोलिनीच्या फॅसिस्टांना त्याचा उघड विरोध होता. १९२४ मध्ये त्यांच्यातले काही जण घरात घुसले, तेव्हा त्याने त्यांना झुंज देऊन पिटाळून लावले.

घरच्यांना यातले फार थोडे माहीत होते. उशिरा येणारा, विसराळू, अभ्यासात मागे असलेला मुलगा एवढेच त्यांना दिसत होते. १९२५ मध्ये त्याने वृत्तपत्राच्या व्यवस्थापनात यावे अशी इच्छा वडिलांनी दुसऱ्याकरवी कळवली. खाणकामगारांमध्ये जाण्याचे स्वप्न सोडून त्याने ती मान्य केली. आमच्या दृष्टीने त्याच्या साऱ्या चढायांपेक्षा हा होकार अवघड होता.

जूनच्या अखेरीस तो आजारी पडला. घरात आजी मृत्युशय्येवर होती, सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे होते, आणि आपल्याला होणाऱ्या त्रासाचा त्याने गाजावाजा केला नाही. तो पोलिओ होता, ज्याचे दोन थेंब आज मुंबईच्या प्रत्येक बालकाच्या तोंडात पडतात. तेव्हा त्यावर लस नव्हती. गरिबांच्या घरी जातानाच त्याला हा संसर्ग झाला असावा, असे मानले जाते.

३ जुलै १९२५ हा शुक्रवार होता आणि शुक्रवार हा त्याचा भेटींचा दिवस. हात लुळा पडत चाललेला असताना त्याने बहिणीला, लुचानाला, आपल्या जाकिटातून काही वस्तू आणायला सांगितल्या आणि सोसायटीतल्या सहकाऱ्यासाठी एक चिठ्ठी खरडली. अक्षरे वेडीवाकडी, कशीबशी लागणारी आहेत. ही इंजेक्शने अमक्या रुग्णासाठी आहेत; ही गहाणाची पावती तमक्याची आहे, मी ती विसरलो होतो, माझ्या खर्चाने तिची मुदत वाढवून घ्या, असा तिचा आशय आहे. गहाण ठेवलेल्या वस्तूची मुदत टळली तर काय होते, हे ज्या घरातले मंगळसूत्र कधी फी भरण्यासाठी तारण ठेवले गेले असेल, त्या घराला ठाऊक असते. मरणाच्या आदल्या दिवशी या तरुणाने दुसऱ्याच्या पावतीवरची तारीख ध्यानात ठेवली होती. त्या कागदावर देवाचे नावही नाही, आणि तरी त्याच्या प्रार्थनेविषयी आम्हांला सर्वांत अधिक सांगणारा कागद हाच वाटतो.

४ जुलैला संध्याकाळी तो गेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. अंत्ययात्रेच्या दिवशी तुरिनचे रस्ते अनोळखी गरिबांनी भरून गेलेले पाहून आईवडील थक्क झाले. त्या गरिबांपैकी अनेकांनाही तेव्हाच कळले की आपल्या घरी येणारा मुलगा सिनेटर फ्रासातींचा होता. त्याला संतपद मिळावे ही मागणी आधी या लोकांनीच लावून धरली. संत जॉन पॉल दुसरे यांनी त्याला ‘आठ धन्योद्गारांचा माणूस’ म्हटले (धन्योद्गार म्हणजे ‘धन्य ते...’ अशी सुरुवात असलेली येशूची वचने) आणि २० मे १९९० रोजी त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केले.

मुंबईच्या परिसराला आपला एक संत आहे : वसईचे गोन्सालो गार्सिया, ज्यांना १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर देण्यात आले. त्या हौतात्म्यापुढे आपण नतमस्तक होतो, पण तसा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर येणार नाही. औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात जाण्याचा, कुणाची थकलेली फी भरण्याचा, आजारी शेजाऱ्याचे दार पुन्हा ठोठावण्याचा प्रसंग मात्र याच आठवड्यात येईल. ज्या सोसायटीत पिएर जॉर्जोने काम केले, तिच्या शाखा मुंबईच्या अनेक धर्मग्रामांत (चर्चच्या स्थानिक विभागांत) आजही भरतात. दिवसभराची नोकरी आणि लोकलचा प्रवास आटोपून तिथे येणारे सदस्य चाळींत आणि वस्त्यांत नेमके कसे जातात, पहिल्या भेटीत काय बोलतात आणि दहाव्या भेटीत काय, हे आता त्यांच्याच तोंडून ऐकू या.