गळ्याभोवतीचा पट्टा

प्राण्याच्या गळ्यावरचा पट्टा आपण शोभेचा समजतो, पण तो नेमका कोणाच्या नजरेसाठी आहे, हे पाहू लागले की प्रत्येक प्राण्याची गोष्ट वेगळी निघते.

नर पोपटाला साधारण तीन वर्षांचा झाल्यावर कंठ फुटतो. चोचीखालून निघालेली काळी रेघ मानेच्या बाजूंनी मागे जाते आणि तिला गुलाबी किनार येते. मादीला आणि लहान पिल्लांना असा ठळक कंठ नसतो, त्यामुळे वयात आलेला नर सहज ओळखू येतो.

कंठेरी चिखल्याचा पट्टा मात्र दिसण्यापेक्षा लपण्याच्या कामी येतो. जवळून पाहा: पांढरा गळपट्टा, त्याखाली काळी पट्टी, डोळ्याभोवती पिवळे कडे. इतके ठळक रंग अंगावर असूनही हा पक्षी नदीकाठच्या गोट्यांत स्तब्ध उभा राहिला, की पट्ट्यामुळे डोके आणि धड वेगवेगळे भासतात, शरीराची सलग बाह्यरेषा तुटते आणि शिकाऱ्याच्या नजरेला तिथे पक्षी आहे हेच चटकन कळत नाही. गोट्यांतच जन्मणाऱ्या पिल्लांच्या मानेवरही पांढरी पट्टी असते.

ऑस्ट्रेलियातील झालरवाला सरडा एरवी गळ्याची झालर मिटून बसतो. झालरीतील लांब कूर्चा जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडाला जोडलेल्या असल्यामुळे, धोका दिसताच त्याने जबडा वासला की झालर उघडते आणि सरडा अचानक कितीतरी मोठा दिसतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो रफ हा पाणथळीतला पक्षी. विणीच्या हंगामात नरांच्या गळ्याभोवती पिसांचा भरगच्च घेर येतो आणि त्याचा रंग व नक्षी नरागणिक बदलते. बहुतेक गडद घेरवाले नर नाचाच्या मैदानातला आपापला तुकडा लढून राखतात. फिक्या घेराचे नर लढत नाहीत. मालक त्यांना शेजारी उभे राहू देतो, कारण जोडीने केलेल्या प्रदर्शनाकडे माद्या अधिक ओढल्या जातात. तिसऱ्या प्रकारच्या नराला घेरच येत नाही. तो मादीसारखा दिसतो आणि गर्दीत मिसळून संधी साधतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांतून दिसले, की घेराचा रंग आणि स्वभाव यांची ही सांगड एकाच गुणसूत्रावरील उलट फिरलेल्या भागामुळे पडते, आणि म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच वारशाने मिळते.