मांडुकलीच्या पाण्यापलीकडे

नमस्कार श्रोतेहो.

मी दुधातलं फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजणारी मशीनं दुरुस्त करतो. राहायला कोल्हापुरात, पण महिन्यातले पंधरा-वीस दिवस जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या दूध संस्थेत असतो. आज तुम्हाला गेल्या जुलैतली गगनबावड्याची एक फेरी सांगायची आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं ठरलं होतं. घरी पोचलो तिसऱ्या दिवशी.

गगनबावड्याजवळच्या एका वाडीतल्या संस्थेच्या सेक्रेटरींचा आदल्या रात्री फोन आला. "साहेब, फॅट लागंना झालंय. रोज वादावादी व्हायला लागलीय. उद्याच्या उद्या या." पहाटे रंकाळा स्टँडवरून एसटी धरली. फुलेवाडी, बालिंगा, कळे करत गाडी चालली होती. मांडुकलीजवळ आलो तर कुंभी नदीचं पाणी रस्त्याकडेच्या रोपांच्या गळ्यापर्यंत चढलेलं. कंडक्टरनं दारातून वाकून पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "माघारी येताना काय खरं न्हाई."

कोल्हापूर ते गगनबावडा अंतर म्हणाल तर साधारण ५५ किलोमीटर. पण पावसाचा हिशोब तिथं निराळाच. गाव सह्याद्रीच्या अगदी कडेला आहे. तिथूनच करूळचा आणि भुईबावड्याचा असे दोन घाट कोकणात उतरतात. खालून चढलेले ढग त्या कडेला अडतात आणि तिथंच रिते होतात. कोल्हापुरात ऊन असताना तिथं समोरचा गगनगड दिसत नाही. हे सगळं पाणी कुंभीतून खाली येतं, प्रयाग चिखलीजवळ पंचगंगेला मिळतं, आणि मग राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली हे आपण शहरात बसून एकमेकांना विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण त्याच पाण्यानं वरच्या गावांचा रस्ता त्याआधीच बंद झालेला असतो, याचा विचार मीसुद्धा या फेरीआधी फारसा केला नव्हता.

संस्था म्हणजे एक खोली. दारात ओल्या चपलांचा ढीग, आत डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या बायका, प्रत्येकीच्या हातात किटली. ही माणसं दोन-तीन लिटर दुधासाठी रोज दोन वेळा चिखल तुडवत येतात. दूध मापात ओततात, नमुना मशीनला लागतो, काट्यावर लिटर येतं, पडद्यावर फॅट येतं आणि त्या दोन आकड्यांवर दहा दिवसांचं बिल निघतं. फॅटचा एक पॉइंट म्हणजे ०.१; सात-दोन म्हटलं की ७.२ समजायचं. ऐकायला काहीच नाही. पण दर लिटरमागं तो पॉइंट धरला जातो, आणि घराचं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या याच बिलातून येतात.

मी मशीन उघडायला बसलो तेव्हा एक मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या म्हशीला सात-दोन लागायचं बाबा. आता सहा-चारच्या वर जाईना. मी सरकी पेंड वाढवली, उधारीवर दोन पोती उचलली. तरी न्हाईच." मग जरा थांबून म्हणाल्या, "शेवटाची धार रेडकाला सोडत हुते, ती बी तोडली. आता पार कास मोकळी करूनच रेडकू सोडते."

श्रोतेहो, त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. धार काढताना पहिल्या दुधात फॅट कमी असतं आणि शेवटच्या दुधात सगळ्यात जास्त. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, हातांना कळलं होतं. पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा पोटात गेला की फॅट उतरतं हेही खरं. त्यामुळं वाडीत सगळ्यांनी तेच धरलं होतं: गवत कोवळं आहे, म्हशीच उतरल्यात. मशीनवर कुणाचा संशय गेला तो फार उशिरा, तीन बिलं होऊन गेल्यावर.

मशीनच्या आत, जिथून दूध खेचलं जातं त्या नळीत आणि सेन्सरवर, पांढुरका कडक थर बसला होता. आम्ही त्याला दुधाचा दगड म्हणतो. रोज काम संपल्यावर मशीन कोमट पाण्यानं आणि धुण्याच्या द्रावणानं साफ करायचं असतं. महिनाभर तिथं वीज येत-जात होती, पाणी तापवायची सोय नव्हती, द्रावण संपलं होतं आणि नवीन आलं नव्हतं. पोरगा गार पाण्यानं धूत होता. जे हाताशी होतं त्यावर त्यानं काम भागवलं.

थर काढायला दोन तास गेले. पण साफ केलेलं मशीन बरोबर सांगतंय हे कशावरून? त्यासाठी मी अजून जुनी पद्धत बरोबर बाळगतो, काचेची बुटीरोमीटर, म्हणजे फॅट मोजायच्या खुणा असलेल्या नळ्या. माळ्यावर संस्थेचं हातानं फिरवायचं जुनं सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरागरा फिरवून फॅट वेगळं करणारं यंत्र, पडून होतं, ते खाली काढलं. मावशींच्याच म्हशीचं दूध घेतलं, आधी नीट ढवळून, कारण साय वर चढलेली असली की नमुना खोटा येतो. नळीत आधी १० मिली ॲसिड, मग १०.७५ मिली दूध कडेकडेनं, म्हणजे ते वरच तरंगतं, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट लावून नळी फडक्यात धरून हलवली की दूध तपकिरी होतं आणि हाताला चटका बसेल इतकं तापतं. पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज फिरवलं. गरम पाण्यात ठेवून नळी बाहेर काढली तर काळपट द्रावणाच्या वर पिवळ्या, काचेसारख्या स्वच्छ तुपाची काडी उभी होती. नळी खिडकीकडं धरून मी खुणा मोजल्या. सात-एक. मग तेच दूध मशीनला लावलं. मशीननंही सात-एक दाखवलं.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मावशींनी नळी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ धरून ती पिवळी काडी बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "म्हंजे म्हस चांगलीच हाय की." मग किटली तिथंच ठेवून त्या तडक घराकडं गेल्या. रेडकाकडं गेल्या असणार, असं माझ्या मनात आलं.

दुपारनंतर मांडुकलीचा रस्ता बंद झाल्याची बातमी आली. सेक्रेटरींनी मला त्यांच्या घरी ठेवून घेतलं. तिथं राहिलो म्हणून मला बंद रस्त्याची दुसरी बाजू दिसली. संध्याकाळचं दूध आलं, मशीन बरोबर फॅट दाखवत होतं, पण गाडी येणार नव्हती. संस्थेला दूध गार ठेवायचा कूलर नाही. म्हशीचं दूध बाहेर ठेवलं तर चार-पाच तासांत आंबायला लागतं. पण रस्ता बंद आहे म्हणून म्हशीला धार थांबवता येत नाही. कास काढलीच नाही तर सुजते, जनावर आजारी पडतं. त्या रात्री प्रत्येक घरात मोठी पातेली चुलीवर होती. कुणी दही लावलं, कुणी खवा आटवायला घेतला, पण ओलं जळण धुपत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचंही तेच. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा शहरात दुधाच्या पिशव्यांसाठी आपण किती फिरलो, हे मला चांगलं आठवतंय. तेव्हा दूध मिळत नव्हतं एवढंच मला दिसलं होतं. वरच्या गावांत ते दूध पातेल्यांत तसंच होतं, हे आत्ता कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. पहिली गाडी आली ती दुधाचीच. ड्रायव्हरशेजारी जागा होती, तिच्यात बसून निघालो. मांडुकलीला रस्त्यावर गाळ आणि वाहून आलेली काटकी होती. ड्रायव्हर एका अंदाजानं गाडी अगदी हळू काढत होता, आणि मागं कॅन एकमेकांवर वाजत होते. कळे ओलांडल्यावर त्यानं पहिल्यांदा वेग धरला. वेळेत पोचलं नाही तर दूध परत पाठवतात, आणि ते कुणाच्या बिलातून जातं हे त्याला माहीत होतं.

फुलेवाडीला उतरलो आणि चालतच गंगावेशीत आलो. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. लोक पेला पुढं करत होते, आणि फेसाळ धार थेट पेल्यात पडत होती. हे मी लहानपणापासून बघत आलोय. त्या दिवशी मात्र धार संपेपर्यंत थांबलो. गवळ्यानं कास पूर्ण मोकळी न करता रेडकू सोडलं, तेव्हा पुढं निघालो.

घरी पोचलो तर दारातच बायको म्हणाली, "आधी गरम पाणी घ्या, मग बोला." अंघोळ झाली, चहा झाला. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. मावशी आणि आणखी काहीजण विचारत होते, मागच्या तीन बिलांत कमी लागलेल्या फॅटचं काय? दिवाळीला संस्था दुधाचा जो फरक वाटते, त्यात धरता येईल का? त्यावर समिती बसणार होती. ते ठरवणं माझ्या हातात नाही. पण मशीन कमी दाखवत होतं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. रात्री बसून कागदावर सगळं लिहिलं: साफ करण्याआधीचं मशीनचं फॅट, नंतरचं, बुटीरोमीटरचं, प्रत्येक नमुन्यासमोर तारीख आणि वेळ. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे फुलेवाडीला जाऊन तो कागद आणि धुण्याच्या द्रावणाच्या दोन बाटल्या त्याच दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं दिल्या.

नमस्कार.