रुळाच्या पोटातला तडा

(दृश्य : हिवाळ्यातली सकाळ. दोन रुळांवरून माणसं एक छोटी ट्रॉली ढकलत नेत आहेत. ट्रॉलीवर स्क्रीन आणि पाण्याची टाकी.)

रुळाला तडा, लोकल खोळंबल्या. थंडीत ही बातमी मुंबईकरांना पाठ झालेली असते. थंडीचा यात हात असतो, पण तो शेवटचा. वेल्डिंग करून सलग जोडलेला रूळ गारठला की आखडू बघतो. स्लीपरांनी जखडल्यामुळे त्याला आखडता येत नाही, म्हणून तो ताणला जातो. धडधाकट रूळ हा ताण सोसतो. तुटतो तो बहुधा आतून आधीच तडकलेला रूळ. वरून मात्र तो चाकांनी घासून चकचकीत झालेला, नव्यासारखा दिसतो.

ही ट्रॉली तो आतला तडा शोधते. रेल्वेत या तपासणीला यूएसएफडी म्हणतात, म्हणजे ‘अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्शन’, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने दोष शोधणं.

(दृश्य : ट्रॉलीखालचे प्रोब, रुळावर ओघळणारं पाणी.)

प्रोब म्हणजे रुळात आवाज सोडणारा आणि परत आलेला टिपणारा भाग. प्रत्येक प्रोबमध्ये एक स्फटिक असतो. विजेचा झटका मिळाला की तो सेकंदाला 20 ते 40 लाख कंपनांच्या वेगाने थरथरतो. माणसाचा कान फार तर 20 हजार कंपनांपर्यंत ऐकतो. मग इतका चढा आवाज कशाला? पोलादात आवाज सेकंदाला सुमारे 5900 मीटर धावतो. कंपनं 40 लाख असली तर एक लहर जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची होते. लहर आखूड असेल तरच लहानसा दोष तिला परतवू शकतो.

आणि पाणी? प्रोब आणि रूळ यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी आवाज पोलादात शिरतच नाही, सीमेवरूनच मागे फिरतो. म्हणून पाणी सोडायचं. गंमत अशी, की तडा सापडतो तोही याच कारणाने. तड्याच्या फटीत हवा असते आणि तिथून आवाज परत येतो. बाहेर जी हवा अडचण, तीच आत गेल्यावर चहाडी करते.

(दृश्य : स्क्रीनवरची उंच-सखल रेघ.)

60 किलोचा (म्हणजे मीटरला सुमारे 60 किलो वजनाचा) म्हणतात तो रूळ 172 मिलिमीटर उंच असतो. सरळ खाली सोडलेली लहर तळाला आपटून सुमारे 58 मायक्रोसेकंदांत (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोसेकंद म्हणतात) परत येते. प्रतिध्वनी त्याआधीच आला, तर मध्ये काहीतरी आहे. तळाचा प्रतिध्वनी आलाच नाही, तरी काहीतरी आहे. तपासणाऱ्याला स्क्रीनवर तड्याचं चित्र दिसत नाही. दिसतात नुसत्या उसळ्या, आणि त्यांचा अर्थ त्यानेच लावायचा. फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पोलादी पट्टीच्या, बोल्टसाठी पाडलेलं भोकही उसळी देतं. ती उसळी भोकाची की भोकाच्या कडेने निघालेल्या चिरेची, हे ओळखायला सराव लागतो.

खरी मेख आहे कोनाची. आवाज परत यायचा तर दोष त्याच्या वाटेत आडवा हवा. रुळाचे दोन तुकडे करणारा तडा रुळाच्या माथ्यात उभा असतो. सरळ खाली जाणारी लहर त्याच्या शेजारून निघून जाते आणि तळापर्यंत सगळं ठीक असल्याचं कळवते. म्हणून 70 अंशांत कललेले प्रोब लागतात, एक पुढे बघणारा, एक मागे बघणारा. तेवढ्यानेही भागत नाही. वरून सोडलेला आवाज रुळाच्या पायाच्या दोन्ही पसरट कडांपर्यंत पोहोचत नाही. वेल्डच्या ठिकाणी नेमक्या तिथेच चिरा पडू शकतात. त्यासाठी माणूस खाली बसतो आणि हातातल्या प्रोबने वेल्ड वेगळा तपासतो.

(दृश्य : जुन्या काळातल्या दोषशोधक यंत्राची छायाचित्रं.)

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी 1940 मध्ये अशा यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे 1955 मध्ये ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून एका बॉयलर कंपनीत गेले आणि धातू तपासायच्या यंत्राने त्या तपासून पाहिल्या. घरोघरी माहीत असलेल्या सोनोग्राफीच्या मुळाशी हा कारखान्यातला प्रयोगही आहे.

यंत्र चकतंही. 17 ऑक्टोबर 2000 रोजी इंग्लंडमध्ये लंडनहून लीड्सला निघालेली गाडी हॅटफील्डजवळ घसरली आणि 4 जण दगावले. रुळाचे 300 हून अधिक तुकडे झाले होते. चाकांच्या माऱ्याने रुळाच्या आतल्या कडेला तिरकस तड्यांची जाळी पडली होती. अशी वरवरची जाळी आवाजाला वरच अडवते आणि तिच्याखाली खोल गेलेला तडा झाकला जातो. पण खापर यंत्रावर फोडता येणार नाही. रूळ खराब झाल्याचं आधीच ठाऊक होतं, बदलायचा तेवढा राहिला होता.

(दृश्य : रुळावर लाल रंगाच्या फुल्या.)

आपल्याकडे सापडलेल्या दोषाचे दोन वर्ग आहेत. ओबीएस म्हणजे लक्ष ठेवा, त्याला एक लाल फुली. आयएमआर म्हणजे ताबडतोब काढा, त्याला तीन. तीन फुल्या पडल्या की गाड्यांचा वेग ताशी 30 किलोमीटरवर येतो. तड्याला दोन्ही बाजूंनी फिशप्लेट लावून आवळतात, आणि तोवर तिथे माणूस उभा करतात. मग ब्लॉक घेऊन तेवढा तुकडा कापायचा आणि नवा बसवायचा. त्याची दोन्ही टोकं वेल्ड केली की एका दोषाच्या जागी दोन नवे सांधे तयार होतात. गार झाल्यावर त्या दोन्ही सांध्यांवर पुन्हा प्रोब फिरतो.