‘-८०५’ आला की आधी बघा, कुठले दार बंद आहे

नमस्कार. आज बोलायचे आहे ते आयबीएमच्या मेनफ्रेमवरील डीबीटू या डेटाबेसबद्दल, आणि त्यातही एकाच प्रकारच्या अडचणीबद्दल. प्रोग्रॅम जागेवर आहे, टेबल जागेवर आहे, तरी प्रोग्रॅम टेबलापर्यंत पोचत नाही, आणि डीबीटू -८०५ सारखा एररचा कोड देतो. पुण्या-मुंबईत बसून रात्रपाळीत परदेशी बँकांचे बॅच सांभाळणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. जॉब पडला की दोन उपाय लगेच सुचतात: सगळे पुन्हा बाइंड करा (प्रोग्रॅममधले एसक्यूएल डीबीटूत पुन्हा बसवा), नाहीतर सगळ्यांना ग्रँट (परवानगी) द्या. दोन्ही उपायांनी जॉब कधीकधी चालतोही. पण मूळ कारण तसेच राहते आणि नको ती परवानगी मात्र कायमची दिली जाते.

प्रोग्रॅमच्या वाटेत चार दारे असतात. पहिले रॅकएफ या सुरक्षा-प्रणालीचे: हा यूझर या डीबीटूला जोडला जाऊ शकतो का? दुसरे प्लॅनचे, तिसरे पॅकेजचे आणि चौथे टेबलाचे. पॅकेज म्हणजे एका प्रोग्रॅमचे बाइंड केलेले एसक्यूएल, आणि प्लॅनमध्ये वापरायच्या पॅकेजांची यादी असते. ‘नाही’ कोणत्या दाराने म्हटले, ते संदेशातच लिहिलेले असते. म्हणून नुसता कोड सांगणाऱ्याकडून आधी पूर्ण संदेश मागून घ्यावा.

सर्वांत जास्त गोंधळ तिसऱ्या दारापाशी होतो, तेव्हा -८०५ पासूनच सुरुवात करू. या संदेशात लोकेशन, कलेक्शन (पॅकेजांचा गट), डीबीआरएमचे (प्रोग्रॅममधून वेगळ्या काढलेल्या एसक्यूएलचे) नाव, सोळा अक्षरी हेक्स टोकन आणि प्लॅनचे नाव येते. यातले टोकन महत्त्वाचे. प्रीकंपायलर किंवा कंपायलरमधला कोप्रोसेसर आपल्या प्रोग्रॅमचे दोन तुकडे करतो. एसक्यूएल डीबीआरएममध्ये जाते आणि उरलेला कोबॉल लिंक होऊन लोड मॉड्यूल बनतो. दोघांवर एकच आठ बाइटांचा शिक्का बसतो, तोच हे टोकन. बाइंड केले की तो शिक्का पॅकेजवर येतो. प्रोग्रॅम चालताना डीबीटू नाव, कलेक्शन आणि शिक्का असे तिन्ही जुळणारे पॅकेज शोधतो. शिक्का एका बाइटानेही वेगळा असला तरी त्याच्या दृष्टीने ते पॅकेज अस्तित्वातच नाही. पूर्वी डीबीआरएम थेट प्लॅनमध्ये बाइंड होत असत, तेव्हा हीच चूक -८१८ म्हणून दिसायची. डीबीटू १० पासून ती सोय गेली, त्यामुळे आता बहुतेक वेळा -८०५ च भेटतो.

सिसआयबीएम.सिसपॅकेज या कॅटलॉग टेबलावर नावाने शोध घ्या आणि कलेक्शन, व्हर्जन, बाइंडटाइम व हेक्समध्ये कॉनटोकन हे कॉलम काढा. उत्तर तीनपैकी एक असते.

एकही ओळ आली नाही, तर बाइंड झालेलेच नाही, किंवा वेगळ्याच सबसिस्टिमवर (दुसऱ्या डीबीटूवर) झाले आहे. टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या जेसीएलमध्ये (जॉबच्या आज्ञांमध्ये) सिस्टिमचे नाव तेवढे बदलायचे राहून गेले, हे फार वेळा निघते.

ओळ आली आणि टोकनही जुळले, पण कलेक्शन वेगळे निघाले, तर सिसपॅकलिस्टमध्ये त्या प्लॅनची यादी बघा. ते कलेक्शन यादीत नसेल, तर एकतर पॅकेज योग्य कलेक्शनमध्ये बाइंड करा किंवा प्लॅनची पॅकेज यादी वाढवा. यादीतल्या नोंदी क्रमाने तपासल्या जातात. म्हणून एकच पॅकेज दोन कलेक्शनांत असले की कोणते उचलले जाईल हे त्या क्रमावर ठरते. टेस्टचे कलेक्शन प्रॉडक्शनच्या यादीत कधीही ठेवू नये, ते याच कारणाने.

तिसरी शक्यता म्हणजे ओळ आहे, कलेक्शन बरोबर आहे, टोकन मात्र वेगळे आहे. इथे बाइंड पुन्हा करण्याआधी थांबा. प्रोग्रॅमने नेमके कोणते लोड मॉड्यूल उचलले ते शोधा. स्टेपलिबमध्ये (मॉड्यूल शोधायच्या लायब्ररींच्या यादीत) तीन-चार लायब्ररी जोडलेल्या असतात आणि ज्या लायब्ररीत नाव आधी सापडते तिथले मॉड्यूल घेतले जाते. वरच्या लायब्ररीत सहा महिन्यांपूर्वीची तातडीची दुरुस्ती राहून गेली असेल, तर खाली कितीही नवे मॉड्यूल टाका, चालणार जुनेच. मॉड्यूल ब्राउझ करून त्यात टोकन शोधता येते. कोबॉल प्रोग्रॅममध्ये मात्र आठ बाइटांचे दोन अर्धे अनेकदा उलटे पडलेले असतात, म्हणजे शेवटचे चार बाइट आधी आणि पहिले चार नंतर. हे माहीत नसेल तर टोकन समोर असूनही सापडत नाही.

सबरूटीनच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. संदेशातला प्लॅन मुख्य प्रोग्रॅमचा असतो आणि डीबीआरएमचे नाव सबरूटीनचे. सबरूटीन स्टॅटिक लिंक केलेले असेल, तर त्याची जुनी प्रत मुख्य मॉड्यूलच्या पोटात असते. सबरूटीन पुन्हा कंपाइल आणि बाइंड केले, पण मुख्य प्रोग्रॅम पुन्हा लिंक केला नाही, तर पोटातल्या जुन्या टोकनासाठी पॅकेज उरत नाही. अशा सबरूटीनला वापरणारे सगळे मुख्य प्रोग्रॅम त्याच वेळी पुन्हा लिंक करावे लागतात. हे टाळायचे असेल तर डायनॅमिक कॉल वापरा.

सीआयसीएस या ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीत मॉड्यूल मेमरीत बसलेले असते. डिस्कवर नवे आणि बाइंडही नवे, पण रीजनमध्ये (चालू असलेल्या सीआयसीएसमध्ये) जुनी प्रत, की पुन्हा -८०५. सीईएमटी या कमांडने प्रोग्रॅमला न्यूकॉपी (नवी प्रत उचलण्याची आज्ञा) द्या. प्रोग्रॅम वापरात असेल तर न्यूकॉपी नाकारली जाते, तेव्हा फेजइन द्यावे. आणि हे प्रत्येक रीजनमध्ये करा. चारपैकी एक रीजन राहिला तर चूक मधूनमधून येते आणि शोधणारा भलतीकडे भटकतो.

व्हर्जनविषयी माझे मत ठाम आहे: कंपाइल करताना व्हर्जन ऑटो ठेवा. व्हर्जन नसेल तर बाइंडच्या ॲक्शन रिप्लेसने जुने पॅकेज पुसले जाते. मग रात्री दोनला जुने मॉड्यूल परत ठेवले की त्याला जुळणारे पॅकेज मिळतच नाही. व्हर्जन असेल तर जुने आणि नवे दोन्ही शेजारी राहतात आणि माघार घेणे म्हणजे फक्त मॉड्यूल बदलणे. त्याची किंमत म्हणजे व्हर्जनांचा ढीग. साफसफाई करताना सिसपॅकेजमधला लास्टयूज्ड कॉलम बघून फ्री करा (काढून टाका). मात्र पॅकेजची शेवटची प्रत फ्री केली की तिच्यावरच्या ग्रँटही जातात. रिप्लेसने बाइंड केल्यास त्या टिकतात. म्हणून ‘फ्री करून नव्याने बाइंड करू’ हा सल्ला मानू नका.

जावाकडून -८०५ आला आणि पॅकेजचे नाव नलआयडी.सिसएलएच२०३ असे दिसले, तर निदान वेगळे. ड्रायव्हरचे मोठ्या पॅकेजांचे मूळ संच २०० ते २०२ असे तीनच असतात. चौथा मागितला जातो याचा अर्थ प्रोग्रॅम स्टेटमेंट उघडतो आणि बंद करत नाही. संच वाढवता येतात, पण गळती चालूच राहते. दुरुस्ती प्रोग्रॅममध्येच करायला हवी.

आता परवानगीची दारे. जोडणीच नाकारली गेली तर रॅकएफचा आयसीएच४०८आय संदेश शोधा. डीएसएनआर क्लासमध्ये सबसिस्टिमच्या नावापुढे बॅच, डिस्ट, सॅस अशी प्रोफाइल असतात. टीएसओ (मेनफ्रेमवरचे लॉगऑन सत्र) आणि बॅचसाठी बॅच, दूरच्या जोडणीसाठी डिस्ट, सीआयसीएससाठी सॅस. -९२२ सोबत ००एफ३००३४ हा रीझन कोड आला तर अर्थ दुहेरी आहे: प्लॅन वापरायची परवानगी नाही, किंवा त्या नावाचा प्लॅनच नाही. ग्रँट देण्याआधी रन कमांडमधले प्लॅनचे स्पेलिंग तपासा.

-५५१ मध्ये तीन शब्द वाचा: आयडी, ऑपरेशन, ऑब्जेक्ट. ऑपरेशन ‘एक्झिक्यूट पॅकेज’ असेल तर दार पॅकेजचे. प्लॅनमधून चालणाऱ्या बॅचला प्लॅनवरची एक्झिक्यूट पुरते; दूरवरून येणाऱ्या जोडणीला मात्र पॅकेजवरच ती लागते. ऑपरेशन सिलेक्ट आणि ऑब्जेक्ट टेबल असेल तर बहुधा डायनॅमिक (चालतानाच तयार होणारे) एसक्यूएल आहे. स्टॅटिक (आधीच बाइंड केलेल्या) एसक्यूएलमध्ये टेबलावरची परवानगी पॅकेजच्या ओनरची बघितली जाते, चालवणाऱ्याची नव्हे. बाइंडचा डायनॅमिकरूल्स हा पर्याय रन असेल तर चालवणाऱ्याची बघितली जाते. अशा वेळी टेबलावर पब्लिकला ग्रँट देण्याऐवजी डायनॅमिकरूल्स बाइंड करणे योग्य ठरेल का, ते आधी विचारा. आणि ओनर कधीही एखाद्या माणसाचा आयडी नसावा, ग्रुप असावा. माणूस नोकरी सोडतो, त्याच्या परवानग्या काढल्या जातात आणि त्याच्या मालकीची पॅकेजेस अवैध होतात.

नवा रॅकएफ ग्रुप दिला तरी -५५१ सुटत नाही, अशी तक्रार असेल तर यूझरला लॉगऑफ करून परत यायला सांगा. ग्रुपांची यादी लॉगऑनच्या वेळीच बनते. तरीही सुटत नसेल तर जोडणीचे ऑथरायझेशन एक्झिट (जोडणाऱ्याचे आयडी ठरवणारा प्रोग्रॅम) बघा. डीबीटूसोबत येणारे मूळ एक्झिट दुय्यम आयडी देत नाही. ग्रुपांना दुय्यम आयडी बनवणारे नमुना एक्झिट बसवावे लागते. काही ठिकाणी टेबलांच्या परवानग्याही रॅकएफच तपासते. तिथे डीबीटूमध्ये ग्रँट देऊन उपयोग होईलच असे नाही. प्रोफाइल बघावे लागते.

-९०४ (ऑब्जेक्ट उपलब्ध नाही) आणि -९११ (लॉकची अडचण) हे परवानगीचे प्रश्न नाहीत, पण लोक ते तिथेच शोधतात. -९०४ सोबत ००सी९००८१ असेल तर ऑब्जेक्ट थांबवलेले आहे. डिस्प्ले डेटाबेस कमांड रिस्ट्रिक्टसह द्या. लॉग नो लोड (लॉगमध्ये नोंद न करता डेटा भरणे) झाल्यावर कॉपी पेंडिंग दिसेल. वाचता येते, लिहिता येत नाही. पूर्ण इमेज कॉपी घेतली की ते सुटते. चेक पेंडिंगला चेक डेटा आणि रिकव्हर पेंडिंगला रिकव्हर लागते. स्टार्ट डेटाबेस फोर्सने ही चिन्हे नुसती पुसली जातात. आतला डेटा जसा होता तसाच राहतो आणि प्रोग्रॅम तो खरा मानून पुढे लिहीत जातात.

-९११ मध्ये रोलबॅक (बदल मागे घेणे) झालेला असतो, -९१३ मध्ये नसतो. ००सी९००८८ म्हणजे डेडलॉक (दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या लॉकसाठी अडकलेले), ००सी९००८ई म्हणजे टाइमआउट. टाइमआउटचा डीएसएनटी३७६आय संदेश मास्टर ॲड्रेस स्पेसच्या लॉगमध्ये असतो. त्यात थांबलेल्याचा प्लॅन आणि कोरिलेशन आयडी असतो, आणि लॉक धरून बसलेल्या एकाचाही असतो. कोरिलेशन आयडीवरून जॉब कळतो. मग त्या जॉबच्या मालकाला एकच प्रश्न विचारायचा: तुमचा प्रोग्रॅम किती ओळींनंतर कमिट करतो (बदल पक्के करून लॉक सोडतो)?