कापसातला कॉफीचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

नवतपा चालू आहे. अंगणात अनवाणी पाऊल टाकवत नाही, आणि अशा उन्हात मी तुमच्याशी कॉफीच्या डब्याबद्दल बोलायला बसलोय. तुम्ही म्हणाल, गुरुजी, माठातल्या थंड पाण्याबद्दल बोला, आता कॉफी कायची? पण याला कारण आहे. आणखी पंधराएक दिवसांत मृग लागेल. आभाळ भरून आलं की मीठ पाझरतं, गूळ चिकटतो, पापड मऊ पडतात, आणि फळीवरच्या कॉफीच्या बरणीत दगड तयार होतो. मग चमच्याच्या दांड्याने तो टोकरत बसायचं. म्हणून डबा बघायचा तो आत्ताच, ऊन कडक आहे तोवर.

आपल्या खेड्यापाड्यांत रोजचा तो चहा. कॉफी पाहुण्याला, एकादशीला, नाहीतर बारावीच्या पोराला रात्री जागायला. चहापत्तीचा पुडा आठ दिवसांत संपतो, शिळा व्हायला त्याला सवडच मिळत नाही. कॉफी मात्र दिवाळीत आणलेली होळीला निघते. टिकवायची पाळी येते ती कॉफीच.

कॉफीचे वैरी चार. हवा, ओल, उजेड आणि ताप. पुन्हा सांगतो, हवा, ओल, उजेड, ताप. बी भाजली की तिच्यात सुवास येतो आणि तेल सुटतं. सुवास हवेत उडून जातो, तेलाला हवा लागली की ते खवट होतं. दळली की तर विचारूच नका. एका बीचे शेकडो कण होतात आणि प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा भिडते. कच्ची बी मात्र चिवट. बाबा बुदान नावाच्या फकिराने सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं सांगतात. त्या कच्च्या होत्या म्हणून उगवल्या. भाजलेल्या आणल्या असत्या तर आज मी इथे दुसऱ्याच विषयावर बोलत असतो.

आता एक गोष्ट सांगतो. ही माझ्या घरची आहे आणि मी ती संधी मिळेल तिथे सांगतो, त्यामुळे ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी माफ करावं.

१९८४ साल. मी सहावीत. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव, बाजारापासून पाच कोस. माझे मामा मेळघाटात जंगलखात्यात नोकरीला. दिवाळीनंतर ते आले ते कापडी पिशवीत किलोभर कॉफीची पूड घेऊन. चिखलदऱ्याची कॉफी! विदर्भात कॉफी पिकते म्हटलं तर अजूनही लोक माझ्या तोंडाकडे बघतात. अहो, अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या अंगावर, हजार मीटरच्या वर उंचीला चिखलदरा आहे. तिथे कॉफीची झाडं आहेत. मामा सांगत होते, एसटीत कंडक्टरने तिकीट फाडायच्या आधी पिशवीत काय आहे ते विचारलं.

आमचे आबाजी कॉफीचे वेडे. कुठे तरी तरुणपणी चव लागली असेल. आजीला ठाऊक होतं की किलोभर कॉफी आबाजींच्या नजरेसमोर राहिली तर पंधरा दिवस पुरायची नाही. तिने पुडीचे दोन भाग केले. अर्धी कॉफी काचेच्या बरणीत, खिडकीतल्या फळीवर, चुलीच्या शेजारी. आल्यागेल्याला दिसावी म्हणून. आणि अर्धी माझ्या धाकट्या भावाच्या दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात. तो पत्र्याचा डबा तुम्हाला आठवत असेल. त्याचं झाकण वरून बसत नाही, आत ठोकून बसतं आणि चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागतं. आजीने पूड दाबदाबून काठोकाठ भरली, झाकणावर लाटणं ठोकलं आणि डबा लपवायला निघाली.

लपवायचा कुठे? कोठी, कणगी, पत्र्याची पेटी, आबाजींना सगळ्या जागा पाठ. त्या वर्षी आमच्या समोरच्या खोलीत कापूस होता, पार आढ्यापर्यंत. कापसाच्या खोलीची मजा ज्याने लहानपणी घेतली त्यालाच कळते. उंबरठ्यावरून उडी मारायची की गळ्यापर्यंत आत, आणि मग रात्रभर खाजवत बसायचं. आजीने त्या कापसात खांद्यापर्यंत हात घातला आणि डबा आत सोडला. रोज संध्याकाळी शेतातून नवी वेचणी यायची, तिच्यावर पडायची. डबा खाली खाली जात राहिला.

पुढे महिन्याभराने आजी आत्याच्या बाळंतपणाला गेली. इकडे बाबांना कोणी तरी सांगितलं, आता कापूस काढा. त्या काळी एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासूनची, कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा. रातोरात दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरल्या. मी हट्टाने बंडीवर चढलो. केंद्रावर पोहोचलो तर रांग ही मोठी! दोन रात्री बंडीखाली घोंगडी पांघरून काढल्या, भाकर-ठेचा खाऊन. (आज पोरं अर्धा तास मोबाइलला रेंज नसली तर कासावीस होतात. असो.)

तिसऱ्या दिवशी आमचा नंबर लागला. भरली बंडी काट्यावर गेली, मग हमाल वर चढून कापूस खाली लोटू लागले. एवढ्यात एक हमाल ओरडला आणि पाय धरून खाली बसला. त्याच्या अंगठ्याला काही तरी ठण्णकन लागलं होतं. त्याने हात घातला आणि डबा बाहेर काढला.

श्रोतेहो, पुढची दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. आजूबाजूच्या बंड्यांवरचे लोक धावले. एक म्हातारा म्हणाला, "धन हाय वाटते. बुढीनं गाडून ठेवलं असन." दुसरा म्हणाला, "धन कायचं, वजनासाठी घातलं असन." ग्रेडरसाहेब आले. त्यांनी डबा हातात घेतला, हलवला, पण आत काही वाजेना. बाबांकडे पाहून म्हणाले, "कापसावर पाणी मारणारे पाहिले, डबा घालणारा आज पाहिला." बाबांचा चेहरा पांढराफटक. बिचाऱ्यांनी तो डबा खोलीत जाताना पाहिलाच नव्हता. ते नुसते म्हणत राहिले, "साहेब, आईच्यान, मले काई मालूम नाई."

साहेबांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली, झाकणाच्या खाचेत घातली आणि उचकटली. झाकण उडालं आणि भस्सकन वास आला. काय वास हो! महिना सव्वा महिना कोंडलेला. कापसाच्या, बैलांच्या, विड्यांच्या वासातून तो सरळ नाकात घुसला. पन्नास माणसं एकदम गप्प. मग तोच म्हातारा म्हणाला, "अबे, हे त कॉफी होय!"

साहेब जे हसायला लागले ते थांबेचनात. फाटकाजवळच्या टपरीवाल्याला हाक गेली, दुधाचं भगुणं चढलं, आणि त्या हमालापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी कपबशीत कॉफी घेतली. बशीत ओतून. माझं मत विचाराल तर कॉफी बशीतूनच प्यावी. त्या कागदी कपात तिला आधी कागदाचा वास लागतो आणि मग जिभेला चटका. पावतीवर मात्र साहेबांनी डब्यापोटी एक किलो वजा केलाच. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, "डबा अन् कॉफी मिळून पाऊण किलोही नव्हतं."

आता खरी गंमत. उरलेली कॉफी घेऊन आम्ही घरी आलो. आजीही परतली होती आणि रिकाम्या खोलीच्या उंबरठ्यावर डोक्याला हात लावून बसली होती. डबा पाहून तिने आधी देवाला हात जोडले, मग बाबांना बोल लावले. आबाजी म्हणाले, "दोन्ही करा. बरणीतली एक, डब्यातली एक." दोन कप पुढे आले. बरणीतली कॉफी एव्हाना फिकट पडली होती, तिच्यात गोळे झाले होते आणि तिला फोडणीचा वास येत होता. डब्यातली मामांनी आणली त्या दिवशीसारखी. आबाजींनी पहिला कप एक घोट घेऊन मोरीत ओतला आणि म्हणाले, "कॉफी कापसातून निघाली, अन् कापूस बरणीत राह्यला!"

एकाच दिवशी, एकाच पिशवीतून निघालेली कॉफी. फरक पडला कशाने? तेच चार वैरी. बरणी खिडकीत, म्हणून उजेड. चुलीशेजारी, म्हणून ताप आणि फोडणीची वाफ. दिवसातून चारदा उघडायची, म्हणून हवा. आणि ओला चमचा, म्हणून ओल. डब्यात अंधार होता, पूड काठोकाठ होती म्हणून आत हवेला जागाच नव्हती, झाकण घट्ट होतं आणि मुख्य म्हणजे कोणी उघडलं नव्हतं. कापसाचं कौतुक एवढंच की त्याने दिवसाची ऊब आणि रात्रीची थंडी डब्यापर्यंत पोहोचू दिली नाही. म्हणून कोणी कापसात डबा लपवू नका हो! पत्रा जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, गेला तर ठिणगी पडते आणि रुईला आग लागते. आमचं नशीब की हमालाचा अंगठा मध्ये आला.

तर डबा कसा घ्यायचा? झाकण बघा, बाकी सगळं नंतर. आपले नेहमीचे स्टीलचे डबे डाळ-तांदळाला ठीक, पण त्यांचं झाकण नुसतं वर बसतं, हवा आतबाहेर करते. झाकणाला आतून रबराची किंवा सिलिकॉनची कडी हवी, नाहीतर खटका असलेलं झाकण. रिकामा डबा बंद करून पाण्याच्या बादलीत दाबून धरा. बुडबुडे आले की दुकानदाराला परत.

दुसरं, वास. रिकामा डबा झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडून आत नाक घाला. काळ्या मसाल्याचा, हिंगाचा, लोणच्याचा वास आला तर त्यात कॉफी भरू नका. प्लास्टिक हा वास घासून घासूनही सोडत नाही. स्टील आणि काच सोडतात. काचेची बरणी वाईट नाही, पण तिला कपाटात ठेवा. हल्ली उघड्या फळ्यांवर काचेच्या बरण्या ओळीने मांडायची फॅशन आहे. स्वयंपाकघर म्हणजे काय प्रदर्शन आहे? जाऊ द्या.

तिसरं, आकार. डबा लहान घ्या. पाव किलो कॉफीला दोन किलोचा डबा म्हणजे उरलेली सगळी जागा हवेची. पूड शंभर-दीडशे ग्रॅम घ्यावी, दोन-तीन आठवड्यांत संपवावी. बिया थोड्या जास्त दिवस टिकतात. ताज्या भाजलेल्या बियांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून त्यांच्या पिशवीवर ती बारीक भोकांची चकती असते. आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. अशी पिशवी असेल तर ती तशीच गुंडाळून डब्यात ठेवा.

चिकोरी मिसळलेली कॉफी असेल तर दुप्पट काळजी. चिकोरी ही भाजलेली मुळी, ती ओल ओढते. बाटलीतली झटपट कॉफीही तशीच. तिचा दगड होतो तो बहुतेक ओल्या चमच्याने, किंवा उकळत्या भगुण्यावर बाटली धरून पूड टाकल्याने. कोरडा चमचा. पुन्हा सांगतो, कोरडा चमचा, आणि बाटली भगुण्यापासून लांब.

फ्रिज? नको. फ्रिजमधून डबा काढला की आपल्या हवेत त्याला दव सुटतं, ते आत उतरतं, आणि फ्रिजमधल्या कांद्याचा वासही लागतो. फारच जास्त कॉफी आली असेल तर छोट्या घट्ट पुड्या करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. एक काढली की पूर्ण साध्या तापमानाला येऊ द्या, मग फोडा. पण आपल्याकडे लाइट किती वेळ राहते, ते तुम्हाला मी काय सांगू.

आणि कूलरच्या झोतासमोर डबा ठेवू नका. कूलरची हवा गार असते, पण ओली असते.

आता ते उन्हाचं. कॉफीचं तेल डब्याच्या तळाला चिकटतं आणि खवट होतं. जुन्या पुडीवर नवी पूड कधी ओतू नका. डबा रिकामा झाला की गरम पाण्याने घासा, झाकणाची कडी काढून वेगळी धुवा आणि दोन्ही या नवतप्याच्या उन्हात दिवसभर पालथं घाला. डबा आत घेतल्यावर हाताला गार लागेपर्यंत थांबा. त्यानंतरच कॉफी भरा. हे काम या आठवड्यातच उरकून टाका, एकदा झड लागली की असं ऊन दिवाळीपर्यंत नाही.

आमचा तो पत्र्याचा डबा अजून आहे. काठाला गंज धरलाय, झाकण एका बाजूने बसत नाही, म्हणून कॉफीला त्याचा उपयोग नाही. सौभाग्यवतींनी त्यात सुया-दोरे ठेवलेत. बटण लावायला डबा उघडला की मी अजूनही आधी वास घेतो.

नमस्कार.