चैत्रातली आक्षी

[ओहोटी. पाण्याच्या कडेने धावणारे छोटे पक्षी]

अलिबागच्या दक्षिणेला, आक्षीचा किनारा. पाणी मागे सरलंय आणि ओल्या पुळणीवर जेवणावळ सुरू आहे.

हा चिखल्या. चार पावलं धावतो, थांबतो, टिपतो. वरवर दिसेल तेवढंच खातो, म्हणून डोळे मोठे, चोच आखूड.

[कर्ल्यू, जवळून]

कर्ल्यू या मोठ्या पाणपक्ष्याची गोष्ट वेगळी. वीतभर वाकडी चोच बिळात जाते आणि खेकडा घेऊन वर येते. आधी झटकून झटकून पाय तोडायचे, मग गिळायचा. घाई नाही. बघत राहा.

[विटकरी छातीचा चिखल्या]

आता ही छाती पाहा. डिसेंबरात हाच पक्षी मातकट, राखाडी होता. तेव्हा चिखल्यांच्या जातींतला फरक सांगताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. हा विटकरी रंग विणीचा. वीण मात्र इथे नाही. चिखल्याला गाठायचंय हिमालयापलीकडचं पठार, आणि त्याच्या शेजारच्या कर्ल्यू सँडपायपरला (हा कर्ल्यू नव्हे, चिखल्याएवढाच छोटा वेगळा पक्षी) सायबेरियाचा उत्तरेकडचा टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला गारठलेला प्रदेश. दोघेही जेमतेम 60 ग्रॅमचे जीव. इंधन एकच, कातडीखालची चरबी, आणि ती भरायची इथल्या चिखलात. लांब पल्ल्याच्या काही पाणपक्ष्यांचं तर निघण्याआधी जठर आणि आतडंही आक्रसतं. वाटेत उपयोग नसलेलं ओझं न्यायचं कशाला!

थव्यातले हे फिके राहिलेले बहुतेक पहिल्या वर्षाचे. त्यातले बरेच यंदा जाणार नाहीत, पावसाळा इथेच काढतील.

[भरती. सुरूच्या बनासमोर दाटीने उभा थवा]

भरती चढली, चिखल बुडाला. उरलेल्या अरुंद वाळूवर सगळे एकत्र, एका पायावर, चोच पिसांत. पाणी उतरेपर्यंत ही विश्रांती.

[किनाऱ्यावरून जाणारी गाडी. थवा उठतो]

सुट्टीच्या दिवशी गाड्याही याच पट्ट्यावरून जातात. प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी जळते. ज्याची कमी पडली तो उशिरा निघतो, किंवा पोहोचत नाही.

[दुर्बीण लावून बसलेली माणसं]

पाहायला यायचं तर पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी या. गाडी गावातच ठेवा, सुरूच्या सावलीत बसा आणि मुळीच पुढे जाऊ नका. चढतं पाणीच त्यांना तुमच्याकडे आणतं. एप्रिल उत्तम, मे निम्मा सरला की लाल छातीचे बहुतेक गेलेले असतात.