आधी खोड सांगा

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

संयोजकांनी पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘भूतदया’ असा छापलाय. एवढ्या मोठ्या शब्दाचा माझा अधिकार नाही. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, ही गोष्ट आपण सगळे ऐकत आलोय. बाळेकुंद्रीला पंत महाराजांच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या घरी तर दत्ताची तसबीर असतेच, आणि तीत पायाशी चार कुत्री. तेव्हा दयेची आपल्याकडं टंचाई आहे असं मला वाटत नाही. तरीही आमच्या निवाऱ्यातली काही कुत्री पाच-पाच, सहा-सहा वर्षं तिथंच बसून आहेत. असं का होतं ते कळायला मला उशीर लागला, आणि कळलं ते बैलबाजारातल्या एका आठवणीमुळं.

माझे मामा खानापूर तालुक्यातले. भाताची शेती, दारात कायम एक बैलजोडी. एकदा त्यांनी त्यातला एक विकायला काढला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, हट्ट करून बाजाराला गेलो. दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, ती गंमत मला बघायची होती. गिऱ्हाईक आलं, त्यानं दात बघितले, खांदा चाचपला. मामा भावाचं बोलायच्या आधीच म्हणाले, “हा डावीकडंच चालतोय. उजवीला घातलासा तर जू टाकून खाली बसतोय. मागनं बोलायचं नाही.” ते गिऱ्हाईक गेलं, पाठोपाठ आणखी दोन गेली. मामा व्यवहाराला कच्चे, असं माझं मत झालं. दुपारी एक म्हातारा आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “माझा डावाच मेलाय गा.” बैल मामांनी मनात धरलेल्या भावाला गेला.

ही गोष्ट मी साफ विसरून गेलो होतो. पुढं 31 वर्षं बँकेत कर्जाचे कागद तपासले, निवृत्त झालो, आणि शेजारच्या एका मुलीबरोबर एकदा शहराबाहेरच्या निवाऱ्यात गेलो तो तिथलाच झालो. सुरुवातीला नुसता हिशेब बघायचो.

निवारा म्हटलं की लोकांना वाटतं, रस्त्यावरची सगळी कुत्री उचलून तिथं ठेवायची असतात. तसं नसतं. 2001 चे आणि त्यांच्या जागी आलेले 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की कुत्रं धरायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच नेऊन सोडायचं. सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात हीच पद्धत धरून ठेवली. रेबीज झालेली आणि अंगावर येणारी तेवढी वगळली. मग 7 नोव्हेंबरला दुसरा आदेश आला. शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारांतून उचललेली कुत्री परत तिथं सोडायची नाहीत, निवाऱ्यात ठेवायची. त्यावर वाद घालायचा तर आणखी एक व्याख्यान लागेल, तो मी घालत नाही. पण निवाऱ्यातली जागा रबराची नसते, एवढं हिशेबनीसाला कळतं. एक कुत्रं घरी गेलं की एक जागा मोकळी होते.

परत सोडता येत नाहीत अशी आमच्याकडं राहतात. डोळे गेलेलं, पाय कापावा लागलेलं, बारा वर्षं घरात वाढून मालक वारल्यावर फाटकाशी बांधून ठेवलेलं. नेमकी हीच कुणाला नको असतात. त्यात आपला भाद्रपद. भाद्रपद आणि कुत्री हे नातं मराठी माणसाला समजावून सांगायला नको. तिथून साधारण 63 दिवस मोजा; दिवाळीच्या आगेमागे खोकी भरभरून पिल्लं यायला लागतात. रविवारी माणसं मुलांना घेऊन येतात, पिल्लांच्या खोक्याशी बसतात, फोटो काढतात. मागच्या शेडमधलं म्हातारं कुत्रं एकदा उठून बघतं आणि परत बसतं. भाद्रपदात ते दरवर्षी एका वर्षानं आणखी म्हातारं होतं.

जातीचं असलं म्हणजे सुटतं असंही नाही. मुधोळ आपल्यापासून काही फार लांब नाही. तिथल्या घोरपडे राजांनी मुधोळ ही शिकारी कुत्र्यांची जात जोपासली, 2005 साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं. आमच्याकडं येणारा दर तिसरा माणूस विचारतो, “मुधोळ हाय काय ओ?” आहे की. नऊ वर्षांचा आहे, पुढचा पाय मोडून वाकडा जुळलाय, आणि कातडीवर केस इतके विरळ की इथल्या थंडीत घोंगडं लागतं. दाखवला की प्रश्न बंद होतात.

तर या मागच्या शेडसाठी आम्ही काय करत होतो? रडत होतो. फोटोखाली लिहायचो, ‘या मुक्या जीवाला कुणीच नाही’, ‘तुमच्या हृदयात जागा आहे का?’ लोक खाली हात जोडल्याची चित्रं टाकायचे. घरी कुणी नेत नव्हतं. आणि कुणी विचारलंच, तर खोड आम्ही हळूच पदराखाली झाकायचो. हे आमचं पाप आहे आणि ते मी इथं सांगणार आहे.

मोती नावाचं एक कुत्रं होतं. डिस्टेंपरमधून वाचलेलं. या आजारातून जी वाचतात त्यांतल्या काहींना जन्माचा झटका राहतो. मोतीचा डावा खांदा घड्याळासारखा उडायचा, झोपेतसुद्धा. शिवाय त्याला फिट्स यायच्या, त्यासाठी बारा-बारा तासांनी गोळी. एका कुटुंबाला तो आवडला. गोळीचं आम्ही सांगितलं, पण कसं, तर “एक छोटीशी गोळी असते, विशेष काही नाही.” ते लग्नाला गावाला गेले, शेजाऱ्यांना भाकरी घालायला सांगून गेले, आणि गोळी राहिली. फिटची गोळी अशी एकदम तोडली की फिट उसळून येते. तिसऱ्या रात्री शेजाऱ्यांनी ते बघितलं, पिसाळलं म्हणून आरडाओरडा झाला, कुणीतरी काठी आणली. मोती वाचला. परत आला तेव्हा मात्र आठ दिवस कोपऱ्यातून हलला नाही. ती माणसं वाईट नव्हती. खोटं आम्ही बोललो होतो.

इथं एक सांगून ठेवतो, उपयोगी पडेल. रेबीजची लक्षणं दिसायला लागलेलं कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. म्हणून तर चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतात. त्यामुळं ज्याचा खांदा दोन वर्षं उडतोय, त्याला रेबीज असणं शक्य नाही. डिस्टेंपर माणसाला होत नाही. (चावलं तर मात्र जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि इंजेक्शनं घ्यायची. तिथं तर्क लढवत बसायचं नाही.)

मोती परत आला त्या रात्री मला मामांचा बैल आठवला. दुसऱ्या दिवशी मी नवीन वही केली. बँकेतल्यासारखे रकाने आखले: वय, वजन, औषध, महिन्याचा खर्च. आणि पहिला रकाना खोडीचा. मोतीच्या पानावर लिहिलं: सकाळी सात आणि संध्याकाळी सात, गोळी चुकली तर फिट येणार, खांदा उडत राहणार, त्याला इलाज नाही, हे घर सोडून गावाला जाणाऱ्यांचं काम नव्हे. चार महिन्यांनी एक बाई आल्या. त्यांच्या सासूबाईंना सात वाजता इन्सुलिन असतं, दोन्ही वेळा. त्या म्हणाल्या, “सातचा गजर आमच्याकडं लागतोच.” मोती तिथं आहे.

आता कळलं ना, खोड म्हणजे काय? खोड म्हणजे पत्ता. कुत्र्याचं घर कुठल्या गल्लीत आहे ते तीच सांगते.

पांढऱ्या सोन्याचं सांगतो. ठार बहिरं. पाठीमागं टाळी वाजवली तरी कान हलत नाही. असलं कुत्रं कुणी राखणीला नेत नाही. पण आपल्या शहरातल्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. गणपतीचे दहा दिवस, दारातच मंडप, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी चाललेली, मग दिवाळीचे फटाके. ऐकू येणारी कुत्री त्या दिवसांत पलंगाखाली थरथरत असतात, साखळी तोडून पळतात, गाडीखाली जातात. मंडपाच्या अगदी समोरच्या घरातल्या एका कुटुंबाचं कुत्रं असंच एका दिवाळीत हरवलं होतं आणि पुन्हा कुत्रं पाळायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. सोन्या त्यांच्याकडं गेला. गेल्या गणपतीत मी मुद्दाम बघायला गेलो. ताशाच्या आवाजानं खिडकीची तावदानं थडथडत होती, मला शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, आणि सोन्या मंडपाच्या पायरीवर चारी पाय वर करून झोपला होता. त्याला उठवायचं झालं तर त्या घरातला मुलगा आधी फरशीवर पाय आपटतो. हादरा जाणवला की सोन्या डोळा उघडतो. झोपेत एकदम अंगाला हात लावला तर दचकून तोंड टाकेल. त्याला रस्त्यावर मोकळं सोडायचं नाही. वहीत दोन्ही लिहिलं होतं.

आंधळ्या कुत्र्याला असं घर लागतं, जिथं फर्निचर हलत नाही. म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं. चार दिवसांत त्याच्या डोक्यात घराचा नकाशा तयार होतो, मग ते पाण्याच्या भांड्याशी सरळ चालत जातं. आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे डोळे निळसर दिसले म्हणून ते आंधळं समजू नका. वयानं भिंग दाट होतं, त्यातनं दिसतं बऱ्यापैकी. मोतीबिंदू पांढरा असतो. कोणतं काय ते डॉक्टर सांगतात, पण निळसर डोळा बघून पाठ फिरवणारे लोक मी इतके बघितलेत की हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

काळ्या कुत्र्याला काहीच खोड नसते. शनिवारी त्याला तेल लावलेली पोळी घालायला माणसं शोधत येतात, निवाऱ्यातसुद्धा येतात. घरी न्या म्हटलं की “काळं नको ओ.” यावर माझ्याकडं उपाय नाही.

म्हाताऱ्या कुत्र्यांविषयी मला जरा जास्त बोलायचंय, कारण मीही आता त्याच रांगेत आहे. आमचा राजा अकरा वर्षांचा होता. मालक वारले, घर विकलं गेलं, राजा आमच्याकडं आला. टिळकवाडीतल्या एका काका-काकूंना दाखवला. मुलगा बेंगळूरला, मुलगी पुण्याला, घरात दोघंच. त्यांनी नेला. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन: “अहो, हा बहिरा आहे हो. तुम्ही सांगितलं नाहीत.” मला घामच फुटला. गेलो. काका दारातून “यू यू यू, ये राजा” करतायत, राजा हनुवटी फरशीवर टेकून ढिम्म. तेवढ्यात भांडी घासायला येणारी अक्का आत आली, पदराला हात पुसत सहज म्हणाली, “बा, बा इल्ली.” राजानं मान वर केली. पुढचे पाय रोवले, मागचा भाग दोनदा उचलायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा उचलला, आणि लडबडत तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. तो अकरा वर्षं कानडी घरात वाढला होता. माझ्या वहीत भाषेचा रकाना नव्हता! सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतोय, आणि एवढी साधी गोष्ट बेळगावात राहून माझ्या ध्यानात आली नाही. काकू आता राजाशी कानडी बोलतात. काका म्हणतात, माझ्याशी पन्नास वर्षांत इतकं गोड बोलली नाही.

त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो इथंही कुणाच्या तरी मनात असणार. आमच्या आधी ते गेलं तर दुःख, आणि त्याच्या आधी आम्ही गेलो तर त्याचं काय? दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडं आहे. आम्ही कागदावर लिहून देतो की कुत्रं कधीही परत घेऊ, कारण विचारणार नाही. बँकेच्या भाषेत, जामीन निवारा राहतो. सांध्यांच्या औषधाचा खर्च जमत नसेल तर औषध आमचं, घर तुमचं, असाही करार करतो. पावसाळ्यात निवाऱ्याची फरशी चार-चार महिने ओली राहते. सांधे धरलेल्या कुत्र्याला जुलैची एक रात्र कोरड्या गोणपाटावर मिळाली तरी सकाळी त्याच्या चालण्यात फरक दिसतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. राजा पावणेदोन वर्षांनी गेला. काकू दीड महिना कुणाशी नीट बोलल्या नाहीत. मग एका शनिवारी स्वतः रिक्षानं निवाऱ्यात आल्या आणि सरळ मागच्या शेडकडं गेल्या.

नेणार असाल तर एवढंच: पहिले तीन दिवस पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, आणि लाड म्हणून आपला दुधाचा गोड कुंदा देऊ नका. एकानं पाव किलो घातला होता. रात्रभर फरशी पुसत होता. कांदा, बेदाणे, चॉकलेट तर अजिबात नको, ते विषासारखं बाधतं. जेवत नाही म्हणून घाबरू नका. नव्या घरात जीव रुळायला तीन-तीन महिने लागतात.

वेळ संपत आलीय, चिठ्ठी आली. जाता जाता एक स्थळ सांगतो. काशी. तांबूस रंग, दहाच्या आसपास वय, नसबंदी आणि लसी झालेल्या. मागचा उजवा पाय नाही, पण कुत्र्याचा जास्त भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळं ती चालते व्यवस्थित, जिना तेवढा जमत नाही. खोड ऐका. दुसरं कुत्रं समोर आलं की भांडते. घोरते, चांगलीच. वळीव गडगडायला लागला की न्हाणीघरात जाऊन बसते आणि दार लावलेलं असलं तर ते ओरबाडून काढते; आमची दोन दारं गेली. तेव्हा वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी नाव लिहू नये. तळमजला पाहिजे, घरात दुसरं कुत्रं नको, आणि न्हाणीचं दार उघडं ठेवायची तयारी पाहिजे. वही बाहेर, चपलांच्या शेजारच्या टेबलावर आहे.